चाकातला विवादी स्वर

उज्जैनला आमच्या माधवनगरातल्या घराच्या पडवीत १९६६ सालची एक फियाट ११०० उभी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कारखान्यातली, मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली. नाना गेले, गाडी राहिली. माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत आजोबांचा तानपुरा जसा वाटणीत कोणी मागत नाही आणि मोडीतही कोणी काढत नाही, तशीच तिची गत.

गेल्या हिवाळ्यात आईने हट्ट धरला. इंदूरला तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायचे, आणि तेही नानांच्याच गाडीतून. आईचे वय ८८. नाही कसे म्हणायचे? पण गाडीला एक खोड जडली होती. ताशी ५० किलोमीटरपर्यंत बिनबोभाट चाले. पुढे गेली की खालून ‘घूंऽऽ’ असा आवाज उठे आणि वेगाबरोबर चढत जाई. एका गॅरेजवाल्याने चारही टायर बदला म्हणून सांगितले, दुसरा मागचे डिफरन्शियल उघडायला निघाला. पुतण्या म्हणाला, “काका, विकून टाका आता.”

नाना म्हणत, तानसेन होणे नशिबी नसेल तर कानसेन तरी व्हावे. एका रविवारी पहाटे पुतण्याला शेजारी बसवले, काचा वर केल्या आणि इंदूरचा रस्ता धरला.

नानाखेडा मागे पडला, रस्ता मोकळा मिळाला. ताशी ७० ला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिनाचा आवाज खाली बसला. ‘घूं’ मात्र कायम. म्हणजे इंजिन निर्दोष. मग गियर घालून अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला, सोडून पाहिला. डिफरन्शियलचे दात कुरकुरत असतील, तर ओढताना आणि सोडताना सूर सहसा बदलतो. इथे तसूभर फरक नाही. टायर दोषी असते, तर गुळगुळीत डांबरावर एक आणि खरबरीत तुकड्यावर दुसरा आवाज आला असता. तोही नाही.

पुढे एक लांबट वळण उजवीकडे जाते. गाडी वळली आणि आवाज एकदम वाढला. डावीकडच्या वळणावर दबला. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. चोर डाव्या अंगाला होता!

घरी येऊन पुढचे डावे चाक जॅकवर चढवले. पुतण्याने चाक हाताने फिरवले. मी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चाकामागच्या न फिरणाऱ्या भागाला टेकवून मूठ कानाशी धरली. जात्यात खडा यावा तशी घरघर. उजव्या चाकाशी तीच तऱ्हा करून पाहिली, तर नुसती रेशमी सळसळ. मग पुतण्याने स्वतः ऐकले. विक्रीची गोष्ट त्याने त्यानंतर काढली नाही.

मिस्त्रींनी बेअरिंग बाहेर काढले. गाडी वर्षानुवर्षे उभी राहून ग्रीस वाळले होते, आतल्या कड्याला खवले पडले होते. असे बेअरिंग तापून अडकले, तर धावत्या गाडीचे चाक जागीच जखडते. टायर बदलले असते, तर पैसे गेले असते आणि आवाज राहिला असता. आणि आई बसते ती पुढच्या डाव्या बाजूला, नेमकी त्याच चाकाजवळ. तो विचार मनात आला आणि अंगावर काटा उभा राहिला.

नवे बेअरिंग बसले, ताजे ग्रीस भरले. पुढल्या गुरुवारी आईला घेऊन निघालो. ६० ओलांडले, ७० झाले. माझे कान टवकारलेले. ऐकू येत होता तो फक्त वारा. काहीतरी बोलावे म्हणून आईकडे पाहिले. सांवेर यायच्या आधीच तिला झोप लागली होती. नाना गाडी चालवत असत, तेव्हा लागायची तशीच.