दारू सुटल्यावर झोप कुठे जाते?

रात्री नऊला एक क्वार्टर उघडली, म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोलचं प्रमाण साधारण ४२.८ टक्के असतं, म्हणजे त्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे ६० ग्रॅम. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम जाळतं. लिंबूपाणी प्या नाहीतर डोक्यावर गार पाणी ओता, त्याचा वेग वाढत नाही. हिशेब मांडून पाहा: पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान कधीतरी रक्त साफ होतं. आणि त्याच सुमाराला पिणारा माणूस टक्क जागा होतो. छातीत धडधड, अंग घामाने भिजलेलं, घशाला कोरड. ‘घेतल्याशिवाय झोप लागत नाही’ असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्याची झोप दारूच मोडत असते, आणि ती साधारण कधी मोडणार हे कागदावर मांडता येतं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा फार नवल वाटलं होतं.

मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याला दाबते. शिवाय दिवसभराच्या जागरणाने मेंदूत साचणारं आणि डोळ्यांवर झापड आणणारं अॅडेनोसिन ती एकदम वाढवते. म्हणून पडल्या पडल्या झोप लागते. पण रोज संध्याकाळी कुणीतरी आपल्याला शांततेकडे ओढतंय, हे मेंदूच्या लक्षात येतं आणि तो उलट दिशेला जोर लावायला लागतो. गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेटचे ग्राहक वाढवतो. रस्सीखेचच ती. दोन्ही बाजू सारख्या ताकदीने ओढतात तोवर दोर जागचा हलत नाही आणि माणूस म्हणतो, ‘मला चढतच नाही.’ मग एक दिवस दारू दोर सोडून देते, आणि मेंदू आपल्याच ताकदीने मागे कोसळतो.

ते कोसळणं पहिल्या चार-पाच दिवसांत सगळ्यात जोरात असतं. हात थरथरतात, रक्तदाब चढतो, पहिल्या दोन दिवसांत कुणाला फिट येते, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कुणाला भिंतीवरून किडे चालताना दिसतात. ह्या शेवटच्या अवस्थेला डॉक्टर ‘डीटी’ म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर ती जिवावर बेतते. रोज पिणाऱ्या माणसाने मनाचा हिय्या करून, डॉक्टरला न विचारता एका रात्रीत बंद करू नये, हे मी कळकळीने सांगते. लिब्रियमसारख्या गोळ्या ह्या दिवसांत देतात त्या गाबाचीच बाजू धरतात, आणि डॉक्टर त्या मोजून-मापून कमी करत बंद करतात.

पुण्यात व्यसन सोडवण्याच्या कामाची मोठी परंपरा येरवड्याला आहे. तिथल्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पाठीशी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. सुरुवात गर्दच्या व्यसनापासून झाली, पण दारूने पोखरलेले संसार काही कमी नव्हते. तिथे पेशंट म्हणत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. निवासी उपचार ३५ दिवसांचे.

ह्या ३५ दिवसांत माणसाचा चेहरा बदलतो. भूक परत येते, सही करताना हात स्थिर राहतो, डोळे स्वच्छ दिसतात. घरचे भेटायला येतात तेव्हा ओळखू येत नाही इतका फरक. झोप मात्र ह्या वेळापत्रकात बसत नाही. दारू सोडल्यावर कित्येक आठवडे, काहींना कित्येक महिने, झोप लागायला तास-दीड तास लागतो, लागली तरी तुकड्यातुकड्याने. आणि नेमकं हेच कुणी आधी सांगितलेलं नसतं. माणूस घरी येतो, बायको कौतुकाने गादी घालते, आणि तो रात्री दोनला गॅलरीत उभा. तिला वाटतं, काहीतरी लपवतोय. त्याला वाटतं, पीत होतो तेव्हा निदान झोपत तरी होतो. पुन्हा ग्लास हातात येण्याची ही एक नेहमीची वाट आहे. झोपेची तक्रार जास्त असलेल्यांमध्ये पुन्हा पिणं सुरू होण्याचं प्रमाणही जास्त असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. माझं तर स्पष्ट मत आहे: केंद्रातून घरी जाताना हातात औषधांची यादी देतात, तसा झोपेबद्दलचा एक कागद दिला पाहिजे, आणि तो घरच्यांसमोर वाचून दाखवला पाहिजे.

मग झोपेची गोळी का नको? कारण नेहमीच्या बऱ्याचशा गोळ्या गाबाच्या त्याच दारातून आत शिरतात. मेंदू आपला उलटा जोर हळूहळू सैल करत असताना त्याला पुन्हा ओढायला लावायचं, हे डॉक्टरांना परवडत नाही. मनाने मेडिकलमधून आणून घेणं तर नकोच.

ह्या काळातली सगळ्यात अद्भुत गोष्ट म्हणजे स्वप्नं. १९५३ साली शिकागोत यूजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक अंतराने बुबुळं भराभर हलायला लागतात आणि तेव्हा माणूस स्वप्नात असतो. असेरिन्स्कीने ज्यांच्या डोळ्यांशी तारा जोडल्या, त्यांत त्याचा आठ वर्षांचा मुलगाही होता. ही रेम झोप. पुढे १९६० मध्ये विल्यम डिमेंटने झोपलेल्यांना स्वप्न सुरू होताच उठवण्याचा प्रयोग केला. मेंदू पुन्हापुन्हा स्वप्नात शिरायला धडपडू लागला, आणि मोकळीक मिळताच त्याने नेहमीपेक्षा जास्त स्वप्नं पाहून घेतली. दारू ह्या रेम झोपेला रोज रात्री दाबत असते. ती सुटली की वर्षांची थकबाकी असल्यासारखी स्वप्नं लोटतात. डीटी होणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूचे आलेख साठच्या दशकात काढले गेले, तेव्हा त्यांची जवळजवळ सगळी झोप रेमच निघाली.

त्या स्वप्नांत दारू असतेच. सहा महिने सोबर असलेला माणूस स्वप्नात घटाघट पितो. जिभेवर चव, छातीत जळजळ, सगळं खरं. दचकून उठतो आणि आधी तोंडाचा वास घेऊन बघतो. ‘स्लिप झाली का?’ ह्या भीतीने रडूही फुटतं. बरी होणारी असंख्य माणसं ह्यातून जातात, आणि त्यात कुणाचीही चूक नसते.

उपाय साधे वाटतात, पण त्यांना पाया आहे. रात्री कितीही तळमळलात तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, दुपारी लवंडायचं नाही. अॅडेनोसिन स्वतःच्या चालीने साचू द्यायचं. अंथरुणात जागे पडून राहायचं नाही. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून बसायचं, पेंग आली की परत. आणि चहा! दारू सुटली की हात काहीतरी शोधतो, पुण्यात तर चौकाचौकात अमृततुल्य. पण चहा-कॉफीतलं कॅफिन अॅडेनोसिनचीच जागा अडवून बसतं, आणि त्यातलं निम्मं पाचेक तासांनंतरही शरीरात फिरत असतं. म्हणून शेवटचा कप दुपारी तीनच्या आत.

सगळ्यात सावकाश परतते ती गाढ झोप. मेंदूच्या सालीतल्या कोट्यवधी पेशी साधारण सेकंदाला एकदा एकसाथ गप्प होतात आणि एकसाथ बोलतात, तेव्हा आलेखावर मोठ्या संथ लाटा उमटतात. फार वर्षं प्यायलेल्यांत ह्या लाटा बुटक्या होतात. कॅलिफोर्नियातल्या इयन कोलरेन आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्यांच्या कानाशी हलके आवाज वाजवून पाहिले. आवाज झाला की झोपलेला मेंदू एक मोठी लाट उठवतो; बाहेरच्या गडबडीत झोप टिकवायचं काम ती करते, असं एक मत आहे. नुकतंच सोडलेल्यांत ती लाट अगदी लहान होती. १२ महिन्यांनी त्याच मंडळींना पुन्हा तपासलं. दरम्यान जे प्यायले नव्हते, त्यांची लाट वाढलेली निघाली. पूर्ववत झाली नव्हती, पण आधीपेक्षा मोठी नक्कीच होती. वर्षभर कुणाच्या डोळ्यांना दिसली नाही अशी ही दुरुस्ती, आणि तिचा बराचसा काळ त्या माणसाला वाटत असतं की आपल्याला झोपच लागत नाही.