छाटणी, पाऊस आणि चेरीची फांदी

केकवर लाल चेरी म्हणून आपण जी आवडीने खातो, ती पुष्कळदा साखरेत मुरवलेलं, रंगवलेलं आपलं करवंदच असतं. झाडावरून तोडलेली खरी चेरी मी खाल्ली ती साठी उलटल्यावर, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यात, मुलाच्या परसात. आज संगणक कंपन्यांसाठी प्रसिद्ध असलेला हा भाग पूर्वी जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांसाठी ओळखला जाई.

२०१६च्या जानेवारीत गेलो तेव्हा झाड निष्पर्ण होतं. मी कोकणातला माणूस. करवत दिसली आणि हात शिवशिवले. दोन दिवस खपून झाड छान मोकळं केलं. मधूनमधून पावसाची भुरभुर चालू होती. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. मी डोक्याला टोपी घातली, झाडाचा विचार केला नाही.

२०१९च्या जुलैत पुन्हा गेलो, तर एक जाड फांदी वाळलेली. नवल म्हणजे पानं करपली होती, पण गळली नव्हती. साल खपलीसारखी आत बसली होती आणि तिथून पिवळसर डिंक ओघळत होता. मला वाटलं, पाणी कमी पडलं. मी तुषार सिंचनाचा फवारा थेट बुंध्यावर सोडला!

विद्यापीठाने प्रशिक्षण दिलेल्या एक स्वयंसेविका झाड पाहायला आल्या. त्यांनी फांदी आडवी कापली. पांढुरक्या लाकडात कलिंगडाच्या फोडीसारखा तपकिरी, मेलेला भाग दिसला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "छाटणी कधी केलीत?"

श्रोतेहो, हा रोग बुरशीचा. २०१०च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी चेरीच्या बागा तपासल्या, तेव्हा मुख्यतः तीन बुरश्या सापडल्या: कॅलोस्फेरिया, युटायपा आणि ल्युकोस्टोमा. कोणती ते प्रयोगशाळेतच नक्की कळतं. पण वाट बहुधा एकच, ताजी जखम. मेलेल्या लाकडावर बुरशीची बारीक काळी फळं धरतात. पाऊस पडला की त्यांतून बीजाणू सुटतात. युटायपाचे बीजाणू तर वाऱ्याबरोबर कित्येक मैल जातात. छाटणीचा काप कित्येक आठवडे उघडाच असतो. बीजाणू आत शिरला की बुरशी लाकडात हळूहळू पसरते आणि फांदी वाळायला दोन-तीन वर्षंही लागतात. म्हणून आपली चूक आपल्याला आठवतच नाही. कॅलोस्फेरियाला तर पाऊसही लागत नाही, फवाऱ्याचं पाणी पुरतं. म्हणजे माझा उपचारही रोगाच्याच कामी आला असता.

त्यांचं लक्ष मग कुंपणाकडे गेलं. पलीकडे शेजाऱ्याने जुन्या जर्दाळूचे ओंडके सरपणासाठी रचले होते. त्यांवर कोळशासारखा काळा थर होता.

औषध विचारलं, तर त्या म्हणाल्या, आत शिरलेल्या बुरशीवर फवारा चालत नाही. छाटणी फळं उतरल्यावर, कोरड्या उन्हाळ्यात करायची; पुढे निदान सहा आठवडे पाऊस नको. आपल्या कोकणात हे पंचांग चालणार नाही, कारण आंबे उतरतात आणि मृग दारात उभा असतो. मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट कापावर लावायची आपली रीत त्यासाठीच. महिना तिकडचा उचलून उपयोग नाही, आपलं आभाळ पाहायचं.

ऑगस्टमध्ये आम्ही कापायला घेतलं. तपकिरी डाग संपेल तिथून आणखी फूटभर खाली. तीन मुख्य फांद्यांपैकी दोन गेल्या. कापलेलं लाकूड मुलगा रचून ठेवायला निघाला होता. मी त्याला ते त्याच दिवशी गाडीत भरायला लावलं. शेजाऱ्यानेही, थोडे आढेवेढे घेऊन, आपला ढीग हलवला.

२०२०च्या मे महिन्यात उरलेल्या फांदीला दोन वाट्या चेरी आल्या. तेव्हा विमानं बंद होती. मला फक्त फोटो पाहायला मिळाला.