ठासणीची बंदूक आणि एकच बार

आपल्याकडे हरणाची शिकार कायद्याने बंद आहे. ठासणीची बंदूक दिसलीच तर जुन्या वाड्याच्या भिंतीवर. अमेरिकेत मात्र तिच्यावर हौशी शिकाऱ्यांचे अजून प्रेम आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने तर १९७४ साली चकमकीच्या बंदुकीसाठी हरणांचा खास हंगामच सुरू केला.

जुनी, स्वस्त बंदूक घेताना नक्षी पाहू नये, नळी पाहावी. प्रथम गज आत सोडावा. तो बुडाशी न पोचता वरच अडला, तर आत कुणीतरी भरून विसरलेला बार असू शकतो! मग गंज पाहावा. चढवलेला घोडा पक्का राहतो ना, तेही पाहावे.

भरताना दारू काळीच हवी. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू नळी फोडते. दारू मापाने ओतावी, थेट डब्यातून कधीच नाही, कारण मागल्या बाराची ठिणगी आत धुमसत असू शकते. मग चिंधीत गुंडाळलेली गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासावी. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुटण्याचा धोका. म्हणून गजावर खूण करून ठेवतात. रंजक सर्वांत शेवटी.

दुसरा बार भरीपर्यंत हरीण दिसेनासे होते. तेव्हा नेम पक्का नसेल, तर चाप ओढू नये. जखमी जनावर रानात तडफडण्यापेक्षा रिकाम्या हाताने घरी परतणे बरे.