धार घरी लावता यावी

घडीच्या चाकूंची तुलना पोलादाच्या नावापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच अडकते. पाते किती कठीण, धार किती दिवस टिकते, यावर शौकीन तासन्‌तास वाद घालतात. पण चाकू रोज हातात घेणाऱ्यासाठी खरा प्रश्न पुढचा आहे: धार गेल्यावर साध्या निसण्यावर ती घरीच परत आणता येते का? या कसोटीवर फ्रान्सच्या साव्हुआ भागातला, कार्बन पोलादाच्या पात्याचा ओपिनेल आठ नंबर मला सर्वांत सरस वाटतो, आणि संग्राहकालाही तो निराश करत नाही.

जोसेफ ओपिनेलचे घराणे धारदार अवजारे घडवणारे. 1890 मध्ये त्याने आल्प्समधल्या शेतकऱ्यांना परवडेल असा खिशातला चाकू बनवला आणि 1897 मध्ये त्याची 1 ते 12 अशी मापे ठरवली. पुढे 1 आणि 11 नंबर बंद झाले. आठ नंबर सर्वांत लोकप्रिय ठरला. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, मूठ बहुधा बीचच्या लाकडाची, वजन सुमारे 45 ग्रॅम. पात्यावर मुकुट घातलेल्या हाताचा शिक्का 1909 पासूनचा. 1955 मध्ये पाते उघडे असताना जागीच अडवणारी फिरती कडी आली, आणि 2000 मध्ये तीच कडी बंद पातेही अडवू लागली. एवढ्या साध्या वस्तूत शतकभराच्या सुधारणा अशा उघड दिसतात, म्हणून ती जमवण्याजोगी आहे. दुर्मीळ लाकडाच्या मुठी मला त्यामानाने गौण वाटतात.

याच काळात स्वित्झर्लंडमध्ये इबाखच्या कार्ल एल्सेनरने सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली, आणि 1897 मध्ये एकाच स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंना अवजारे बसवणारा ऑफिसर चाकू आणला. त्याच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे पोलाद सुमारे 56 रॉकवेल, म्हणजे बेताचे कठीण, त्यामुळे त्यालाही धार सहज लागते. माझ्या कसोटीवर हाच ओपिनेलचा खरा प्रतिस्पर्धी. कात्री, पेचकस, डबा फोडणी लागणाऱ्याने तोच घ्यावा. पण भाजी-फळे चिरायची, लाकूड तासायचे, तर अवजारांच्या थरांनी जाड झालेली मूठ हाताला रुतते. ओपिनेलची गोलसर मूठ तळव्यात नीट बसते. अमेरिकेचा बक 110 हा 1960 च्या दशकातला, पितळ आणि लाकडाच्या मुठीचा देखणा आणि दणकट चाकू. संग्रहात तो हवाच. पण त्याचे वजन 200 ग्रॅमच्या आसपास आणि पाते तीन मिलिमीटर जाड. ओपिनेलचे पाते त्याच्या निम्म्याहून थोडेच जाड, म्हणून सफरचंद वा गाजर चिरताना ते फोड उकलत नाही, सरळ आत उतरते. चाकू चांगला कापतो तो पात्याच्या या आकारामुळे, आणि नेमके हेच पोलादाच्या वादात विसरले जाते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आधुनिक पोलादाचा. स्पायडरको कंपनीच्या पॅरा मिलिटरी 2 या घडीच्या चाकूत अनेक वर्षे असलेल्या एस30व्ही पोलादात सुमारे चार टक्के व्हॅनेडियम असते. त्याचे कार्बाइड कण फार कठीण असल्याने दिवसभर पुठ्ठे कापूनही धार तग धरते. ज्याचे कामच ते आहे, त्याने तो घ्यावा. शिवाय पात्यातल्या गोल छिद्रामुळे तो एका हाताने उघडतो, ही ओपिनेलला न साधणारी सोय आहे. पण ते कण नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या निसण्यालाही दाद देत नाहीत. हिऱ्याचा निसणा लागतो. तो आणि धार लावण्याचा सराव दोन्ही नसतील, तर असा महागडा चाकू एकदा बोथट झाला की खणात पडून राहतो. उलट सुमारे 0.9 टक्के कार्बनच्या पात्यावर दोनचार मिनिटे पुरतात.

कार्बन पोलाद गंजते, हा दुसरा आक्षेप खराच. लिंबू-चिंचेने आपल्या लोखंडी विळीसारखे ते काळे पडते. तो काळसर थर निरुपद्रवी, तांबडा गंज मात्र लगेच घासून काढायचा. वापरल्यावर पाते पुसून तेलाचे बोट फिरवले की भागते. ओलाव्याने बीचची मूठ फुगून पाते आत अडकते, यालाही मूठ सुकवून सांध्यात तेल सोडण्याखेरीज फारसा इलाज नाही. त्यामुळे कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत राहणाऱ्याने हट्ट न धरता ओपिनेलचेच स्टेनलेस पाते घ्यावे. 12सी27 हे त्याचे स्वीडिश पोलाद धार जराशी वेगळी घेते, पण साध्या निसण्यावरच घेते.