एक सरोवर, दोन चवी

आमच्या घरी माळ्यावर वडिलांच्या पुस्तकांची ट्रंक आहे. कुठल्याशा प्रदर्शनात स्वस्तात मिळालेली रशियन पुस्तकं आणि त्यांतच एक जाडजूड नकाशासंग्रह. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी सगळे आडवे झाले की मी तो उघडून बसायचो. मध्य आशियाच्या पिवळट पानावर एक लांबट, कोयत्यासारखा वाकलेला निळा पट्टा होता. नाव बाल्खाश. वडील म्हणायचे, ‘‘या सरोवराचं अर्धं पाणी गोडं आणि अर्धं खारट.’’ मला वाटायचं, थट्टा करताहेत. मधे भिंत नसताना पाणी वेगळं राहील कसं?

थट्टा नव्हती. कझाकस्तानच्या आग्नेय भागात, स्टेपचा गवताळ माळ विरत विरत वाळवंटाला मिळतो, तिथं हे सरोवर पसरलेलं आहे. लांबी सुमारे ६०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून रस्त्यानं गोव्याला जाण्याइतकी. खोली मात्र बेताची, सरासरी ६ मीटरच्या आसपास. मध्यावर दक्षिणेकडून जमिनीचं एक टोक आत घुसतं आणि उझुनअराल नावाची जेमतेम साडेतीन किलोमीटरची चिंचोळी वाट उरते. वडिलांच्या कोड्यातली ‘भिंत’ ती हीच.

बाल्खाशमधून एकही नदी बाहेर पडत नाही. आपल्या लोणारसारखंच. आलेलं पाणी फक्त वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. पश्चिमेच्या अर्ध्या भागाला इली नदी मिळते. सरोवराला नद्यांतून येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश तिचं एकटीचं. म्हणून तिथलं पाणी गोडं. तेच पाणी हळूहळू त्या चिंचोळ्या वाटेनं पूर्वेला सरकतं. तिकडच्या कराताल, लेप्सी वगैरे नद्या लहान, ऊन आणि वारा तेवढाच. तिथं क्षार साचत जातात आणि चव बदलते.

परवा मुलीला हे सांगत होतो. तिनं सरळ विचारलं, ‘‘बाबा, मग ती इली आटली तर?’’

याचं उत्तर इतिहासानं थोडंसं देऊन ठेवलं आहे. १९७० साली इलीवर कापचगाय धरण भरायला सुरुवात झाली. १९८७ पर्यंत बाल्खाशची पातळी सुमारे दोन मीटरनं उतरली. उथळ सरोवराला दोन मीटर म्हणजे फार झाले. पुढं धरण पूर्ण भरण्याचा बेत आवरता घेतला, पाऊसपाण्यानंही साथ दिली, म्हणून सरोवर सावरलं. पश्चिमेच्या अराल समुद्राचं नशीब तेवढं थोर नव्हतं. १९६० नंतर कापसाच्या शेतीसाठी त्याच्या दोन्ही नद्या वळवल्या आणि तो बहुतांशी आटला. एकेकाळची बंदरं वाळूत उभी राहिली.

इलीचा उगम तिएन शानच्या हिमनद्यांत आहे. ती आधी चीनमधली शेतं भिजवते, मग सीमा ओलांडून कझाकस्तानात येते. वरच्यानं किती घ्यायचं आणि खालच्यासाठी किती सोडायचं, हा आपल्या कालव्यांवरचा जुनाच तंटा तिथं दोन देशांत आहे. त्यात आता नवी भर पडली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानच्या मतदारांनी अणुवीज केंद्राच्या बाजूनं कौल दिला. जागा बाल्खाशच्या काठची, उल्केन गावाजवळची. थंडाव्यासाठी लागणारं पाणी याच सरोवरातून घ्यायचं आहे.

मुलीला म्हटलं, ‘‘इली आटली, तर चवी दोन राहणार नाहीत. एकच राहील, खारट. आणि पुढं कदाचित तीही नाही.’’

ती काही बोलली नाही. तिचं बोट सरोवरावरून निघालं, इलीच्या बारीक निळ्या रेघेवरून उलटं वर चढलं, सीमेची तुटक रेघ ओलांडून पांढऱ्या डोंगरांशी जाऊन थांबलं. एवढी वर्षं हा नकाशा पाहतोय. मी मात्र नेहमी सरोवराशीच थांबलो होतो.