निळी टिक आणि उत्तर यांच्या मधला वेळ

सकाळी ६. आज नळाला पाणी आलंय. म्हणजे आधी ड्रम, मग टाकी, मग चहा. गोदावरी उशाला वाहते, तरी कोपरगावात पाणी यायचा दिवस सगळ्यांना तोंडपाठ असतो. आई नळी धरते, मी मोटार चालू-बंद करते. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं. मी पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, पण हे घराबाहेर मोजक्याच लोकांना माहीत आहे.

८ वाजता नाश्त्यानंतर गोळी. ती सोबतच्या नैराश्यासाठी. खुद्द या आजाराची अशी गोळी नाही. मुख्य उपचार थेरपीचा. हे कळायला वर्षं गेली. शिर्डी हाकेच्या अंतरावर, तिथे नवस झाले. ‘बाहेरचं’ असेल म्हणून एका देवऋषाकडे नारळ फुटला. मग कुणी नैराश्य म्हटलं, कुणी बायपोलर. बायपोलरमध्ये मनाची लाट कित्येक दिवस, आठवडे टिकते. माझी तासाभरात उलटते, आणि बहुतेक वेळा कुणातरी माणसावरून. कुणी सोडून जाईल ही धास्ती, आज देव वाटणारा माणूस उद्या वैरी वाटणं, आतून रितं वाटणं, न आवरणारा राग, स्वतःला इजा करावीशी वाटणं: अशी नऊ लक्षणं पुस्तकात आहेत, त्यांतली पाच जुळली की निदान होतं. माझं त्याहून जास्त जुळलं.

१०. कारखान्यांचा हंगाम सुरू आहे. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे स्कूटी रांगत आली, तरी वेळेत पोचले. पहिल्या तासात पिग्मी एजंट, सोनेतारणाचे हप्ते, आणि शंभराच्या नोटा थुंकी लावून मोजणारे एक आजोबा. त्यांना मी रोज सांगते, “बाबा, मशीन आहे,” आणि ते रोज मशीनवर अविश्वास दाखवतात.

११.४०. मैत्रिणीला मेसेज केला: रविवारी येतेस का? दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

इथून पुढचा पाऊण तास म्हणजे माझा आजार. बाकीचा दिवस तुमच्यासारखाच असतो. कान तापतात, छातीत गच्च होतं, हातातली पावती दिसेनाशी होते. डोकं सांगतं: तिला कंटाळा आलाय. तिनं तिसरीला वाचून दाखवलं असेल. नंबर ब्लॉक करून टाक, तिनं करायच्या आत. पूर्वी मी ते करायचे. वीस मेसेज, शिव्या, मग माफी, मग ब्लॉक. त्यानंतर जे व्हायचं ते इथे लिहीत नाही.

आता काउंटरवर ‘पाच मिनिटांत येते’ची पाटी लावली. मागच्या खोलीत गार पाण्याचा जार असतो. स्टीलच्या पातेल्यात पाणी काढलं, श्वास रोखून तोंड बुडवलं, अर्ध्या मिनिटाने बाहेर. पुन्हा एकदा. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात. हे शरीराचंच आहे, श्रद्धेचा प्रश्न नाही. (हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) शिपाईमामांना वाटतं मला पित्ताचा त्रास आहे. वाटू दे.

मग कागद. डाव्या बाजूला घडलं ते: मेसेज गेला, वाचला गेला, उत्तर नाही. उजव्या बाजूला मी जोडलेलं. उजवी बाजू भरली, डावीकडे दीड ओळ. एवढं बघूनही दुखायचं थांबत नाही. पण ब्लॉकच्या बटणावरचं बोट मागे येतं, आणि तेवढंच हवं असतं.

दुपारी जेवताना काकू म्हणाल्या, “तोंड का उतरलंय गं?” डोकं दुखतंय म्हटलं. त्यांनी शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवली.

४. कॅश पाचशेनं कमी. साहेब सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलले. राजीनामा जिभेवर आला. मागच्या नोकऱ्या अशाच सुटल्या. चलनं पुन्हा लावली. एका पिग्मीची नोंद दोनदा पडली होती, माझ्या हातून नव्हे. साहेब “बरं” म्हणाले. माफीची अपेक्षा ठेवणं मी हल्ली सोडलंय.

५.१५ला उत्तर आलं: “रविवारी नको गं, मला जरा एकटीला राहायचंय.” म्हणजे अगदीच वाटलेलं खोटं नव्हतं. थेरपीबद्दल लिहिणारे नेमकं हे टाळतात. समोरचा कधीकधी खरंच लांब जातो. “बरं, मग पुढे कधीतरी,” एवढं टाइप करायला मला दहा मिनिटं लागली.

७. गच्चीवर टाकीच्या आडोशाला व्हिडिओवर सेशन. घरात दोनच खोल्या आहेत. थेरपिस्ट पुण्यात बसतात. डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. क्रम ठरलेला: आधी जिवाशी खेळ झाला का, मग थेरपीत अडथळा काय आला, मग बाकीचं जगणं. आठवडाभर भरलेल्या कार्डावर मॅडम बोट ठेवतात आणि एकेक वार उलगडतात. मधल्या दिवसांत फोन करता येतो, पण इजा करण्याच्या आधी. करून बसल्यावर चोवीस तास फोन नाही. सुरुवातीला हा नियम मला दुष्टपणा वाटला. आता त्यातला हिशोब कळतो: मदत मिळवण्यासाठी जखम लागायला नको.

ही पद्धत मार्शा लिनेहान यांनी अमेरिकेत घडवली. तिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ साली छापून आली. सतराव्या वर्षी त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी जाहीर सांगितलं. मला चाचणीपेक्षा याचा आधार वाटतो. आकड्यांचाही वाटतो: बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातल्या याच आजाराच्या २९० रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ९३ टक्के जणांची लक्षणं किमान दोन वर्षं तरी ओसरली होती. नोकरी आणि नाती धरून पूर्ण सावरलेले मात्र निम्मेच. मॅडमनी दोन्ही आकडे एकाच दमात सांगितले होते, म्हणून पटले.

९. आईनं विचारलं, “एवढा वेळ काय बोलता गं?” पूर्वी ती “नाटकं आहेत सगळी” म्हणायची. हल्ली “बरं, जेव” म्हणते. फीचा विषय निघाला; पगारातून बराच मोठा लचका जातो. मानसिक आजाराला विम्यात इतर आजारांसारखीच वागणूक द्या असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, पण आमच्याकडे मुळात विमाच नाही. ज्यांना फी जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, फुकट आणि मराठीतही. एका रात्री ती माझ्या कामी आली. थेरपीची जागा ती घेत नाही, रात्र निभावते.

१०. गुरुवारी लोणीच्या प्रवरा रुग्णालयात ओपीडीला जायचंय. अर्ध्या रजेच्या अर्जात कारण ‘वैद्यकीय’. साहेबांनी मागच्या वेळी विचारलं होतं, “लोणीला? गुडघे का?” मी हो म्हटलं होतं. यावेळी विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.