परळीनंतरच्या गोळ्या

गेल्या महिन्यात नात्यातली एक मुलगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुण्यात एकामागून एक मेडिकल पालथी घालत होती. सहावा आठवडा, गर्भपाताच्या गोळ्या लिहून दिलेल्या, आणि सगळीकडे एकच उत्तर: आम्ही ठेवत नाही. कायदा होऊन ५० वर्षं उलटल्यावरही हे ऐकावं लागतं, याचा मला संताप येतो.

शांतिलाल शाह समिती, १९७१चा गर्भपाताचा कायदा, हे बऱ्याचदा लिहून झालंय. मला आठवतं ते २००२नंतरचं दशक. त्याआधी पिशवी साफ करायची म्हणजे पूर्ण भूल, क्युरेटिंग, दिवसभर खाट, आणि नवऱ्याची सही. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते, तेव्हाही पुरत होती, तरी सही मागत. २००२ साली मायफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीला मान्यता मिळाली. हाताने चालवायच्या सिरिंजने पिशवी रिकामी करण्याची पद्धतही पसरत गेली: भूल जागेपुरती, आणि बाई काही तासांत घरी. मी तेव्हा बायकांच्या सोबतीला जायचे. एक डॉक्टर प्रत्येक टप्प्याआधी सांगत, ‘आता पाळीसारखी कळ येईल, थोडा वेळच राहील.’ बाईची मूठ सैल पडायची. दुसऱ्या एका दवाखान्यात सुया-औषधं तीच, पण ‘आधी कळलं नव्हतं का?’ हे सगळ्यांसमोर विचारलं जाई. ती बाई पुन्हा तपासणीला यायची नाही. शरीराला जपलं, पण तिच्या मानाला कुणी जपलं नाही.

मग २०१२. परळीत लिंगनिदानानंतरच्या बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला. लिंगनिदानाविरुद्धचा राग रास्तच होता. पण अन्न व औषध प्रशासनाची कारवाई गोळ्यांवरही आली आणि दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. सोनोग्राफीत लिंग दिसायला बारा-तेरा आठवडे लागतात, आणि नियमाने या गोळ्या तेव्हा सातव्या आठवड्यापर्यंतच देता येत होत्या. मग लिंगनिवडीशी या गोळ्यांचा संबंध काय, हे विचारून आम्ही थकलो.

पुढे कायदा सुधारला. २०२१च्या नियमांत गोळ्यांची मुदत नऊ आठवडे झाली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताबाबत अविवाहितेचा विवाहितेइतकाच हक्क मान्य केला. दुकानांनी ठेवणं सोडलं तरी गोळ्यांचा वापर थांबलाच नव्हता. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासानुसार २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. योग्य वेळी घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत. पण चोरून मिळालेल्या पाकिटाबरोबर सल्ला मिळत नाही. तासाला दोन पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, तर तडक दवाखाना गाठायचा, एवढंसुद्धा त्या बाईला कुणी सांगत नाही.